अर्जाची पोच

हसू नका, पण हल्ली दाराची कडी वाजली की मी आधी फटीतनं बघतोय, मगच दार उघडतोय. आमच्या गल्लीतली नवी गटार महिन्याभरात खचली. काम कुणी केलं, तपासलं कुणी, एवढंच विचारायला मी माहिती अधिकाराचा अर्ज घेऊन कचेरीत गेलतो.

क्लार्कनं अर्ज दोनदा वाचला. "ऱ्हायला कुठं?"

"पत्ता लिवलाय की."

"तसं न्हवं. नेमकं कुठं?"

मी शाण्यासारखं सांगितलं, "शिवाजी पेठेत, तालमीच्या मागं, निळं दार."

घरी आल्यावर ध्यानात आलं, शिक्का मारलेली पोच त्याच्या टेबलावरच राहिली. आता अर्ज दिला म्हणून पुरावा काय? परत जायला चपला घालतोय तवर कडी वाजली. दारात एक अनोळखी माणूस, हातात माझी पोच.

"निळं दार म्हणजे हेच न्हवं? विसरलासा बघा."

मला लई बरं वाटलं. म्हटलं, "तुम्ही कचेरीतलं शिपाई काय?"

"न्हाय. गटारीचा कंत्राटदार."

आतनं बायको वरडली, "पावणं आल्यात काय? चहा ठेवू?"

मी तोंड उघडायच्या आत त्यानं पायातलं काढलं.

"ठेवा की वैनी. आता येणं-जाणं ऱ्हाणारच."