माकड की जावई

सौदीतल्या ताईफच्या डोंगरात राहत होतो आम्ही तिघं: मी, घरवाला आणि लेक सकीना. कफीलचा, म्हणजे आमच्या अरबी मालकाचा, चार खोल्यांचा मुसाफिरखाना चालवायचो. डाळिंबं उतरून हवा गार झाली की रानातली माकडं रोज सकाळी दार हलवून रोट्या मागायची.

त्या साली कुवेतात लढाई पेटली. सकीनाचा नवरा तिथंच अडकला. महिने गेले, खबर नाही. पाहुण्यांनी रेडिओ लावला की पोरीच्या हातातला घास तसाच राहायचा.

एका सकाळी दार जोरात हललं.

"आज मेल्याला सोडत नाय!" म्हणत मी दार उघडलं आणि समोरच्या केसाळ तोंडावर झाडू हाणला.

"अम्मी, माकड नाय, जावई हाय तुमचा!"

सकीना धावत आली. हसली, रडली, मग म्हणाली, "अम्मी, मला भूक लागलीय."