नलूवहिनींना विचारायचं राहिलं

मंडळी, तुम्ही सगळे आलात. कोणी पार गावाबाहेरच्या छाणीहून स्कूटरवर आलात. मला बोला म्हणालात खरं, पण मला जमेल की नाही, माहीत नाही. मला अजून हे खरंच वाटत नाहीये. बुधवारी सकाळी दिगूभाऊ खंडेराव मार्केटातून भाजी घेऊन आले. जिन्यात मला म्हणाले, "केम छो, कुसुमताई?" आणि दहा मिनिटांनी त्यांच्या घरातून नलूवहिनींची हाक आली. भाऊ गेले होते. दहा मिनिटं! असं कुठे असतं का हो?

आज शनिवार. हा हॉल आजच्यासाठी आपण घेतलाच होता. आपल्या डान्स क्लासच्या पार्टीसाठी. खुर्च्याही त्याच. आणि आपण पांढरे कपडे घालून बसलोय.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. दिगूभाऊ कचेरीतून निवृत्त झाले, मोबाइलवर बघून बघून पोल्का हा जोडीचा नाच शिकले आणि सोसायटीतल्या आम्हा साठीच्या पुढच्यांना शिकवायला लागले. तीन छोटी पावलं, एक उडी. बस. पण आपण पडलो बडोद्याचे! पायात गरबा. उडी आली की हात सुटायचे आणि टाळी वाजायची. भाऊ ओरडायचे, "अरे टाळी नाही! जोडीदाराचा हात धरा!" हसमुखभाई म्हणायचे, "पण हाथ मानतो नथी!"

पुरुषांना शिकवताना भाऊ स्वतः बाईच्या बाजूने नाचायचे. आम्हा बायकांचा हात मात्र त्यांनी कधी धरला नाही. मध्ये पंचा. एक टोक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. मी चिडवायची, "भाऊ, सोवळ्यात आहात का?" ते नुसते हसायचे. वहिनी कोपऱ्यात बसून गाणं लावायच्या. कधी उठल्या नाहीत. आणि भाऊंनीही कधी उठवलं नाही.

सोमवारी क्लास संपल्यावर भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाले, "कुसुमताई, हे सगळं मी नलूसाठी शिकलो. पहिला हात तिचा धरायचा म्हणून तो पंचा. इतकी वर्षं लाजण्यात गेली. आज घरी गेलो की विचारतोच, नाचशील का."

आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "घरी कशाला? ओट्याशी विचाराल तर हाकलून देतील. शनिवारी विचारा, सगळ्यांसमोर. नाही म्हणताच येणार नाही त्यांना. घाई काय आहे?"

घाई काय आहे! हे मी म्हटलं. मी! जन्मभर शाळेत पोरांना 'आजचं काम आजच' म्हणून दरडावणारी बाई. जळली माझी जीभ. त्या भल्या माणसाने माझं ऐकलं.

वहिनी, तीन दिवस मी तुमच्या दारापर्यंत आले आणि मागे फिरले. हिंमत झाली नाही. आता 'नंतर सांगू' म्हणायचीही भीती वाटते, म्हणून चारचौघांत सांगतेय. रागवा मला. हवं तेवढं रागवा. पण त्यांना तुम्हाला विचारायचं होतं, हे तुम्हाला कळायला हवं.

तुम्ही काय म्हणाला असता, ते मला सांगू नका. तो माझा अधिकार नाही. आता आपण सगळे दोन मिनिटं उभे राहू या. कोणी काही बोलू नका. वहिनी, तेवढ्यात तुम्ही त्यांना उत्तर द्या.