आईच्या नावापुढचा रकाना

नाही, पेन ठेव आधी खाली. ठेव म्हणते ना. तासभर तुला विषय, गुण, कुठलं कॉलेज सांगत बसले मी, आणि तू या रकान्यात खुशाल लिहायला निघालीस – आई मयत? मगाशी तर म्हणालीस, पळापळीत चुकामूक झाली, पत्ता नाही म्हणून. पत्ता नसणं वेगळं आणि मरणं वेगळं, बाळ. कुणी सांगितलं तुला असं लिहायला? निर्वासितांच्या छावणीतल्या कारकुनाने? वाटलंच. मलाही त्यानेच – म्हणजे त्याच्यासारख्याच एकाने – सांगितलं होतं. तीन वर्षं शोध नाही लागला, म्हणजे गेलीच समज, मयत लिही, अनाथांसाठीची जागा मिळून जाईल. भला माणूस होता, खिशातलं स्वतःचं पेन दिलं त्याने. मी सतरा वर्षांची. लिहिलं.

आणि मिळाली की जागा. ही खुर्ची, दारावरची समुपदेशकाची पाटी, भिंतीवरची पदवी – सगळं त्या एका शब्दावर उभं आहे. अशी बघू नकोस माझ्याकडे. तेव्हा मला खरंच वाटत होतं ती गेली. आठ महिन्यांनी निरोप आला – सीमेपलीकडच्या दुसऱ्या छावणीत आहे, पाय अधू झालाय, पण आहे. मी रडले, हसले, आणि मग गप्प बसले. सांगितलं असतं तर जागा जाणार. म्हटलं, एवढी परीक्षा होऊ दे. मग पदवी होऊ दे. मग नोकरी कायम होऊ दे. उद्या-उद्या करता करता एकोणीस वर्षं गेली. आता तिला इथे आणायचं तर अर्ज कुणासाठी करू? माझ्याच अक्षरात ती मेलेली आहे. मेलेल्या बाईला परवाना कोण देतो? तिला काय सांगते? कागद पुढे गेलाय, साहेबांच्या टेबलावर आहे. दर वेळी तेच. ती म्हणते, साहेब म्हातारे झाले असतील गं आता. वर हसते.

तू बेपत्ता लिही. हो, माहीत आहे, तसं लिहिलं तर त्या जागेत तू बसत नाहीस. आज शेवटचा दिवस आहे तेही माहीत आहे. दुसरी जागा? नाही गं, दुसरी कुठलीच नाही माझ्याकडे. असती तर हे चऱ्हाट लावलं असतं का तुझ्यापुढे? इतकी वर्षं पोरांना वाटा दाखवते आणि तुला दाखवायला – थांब, फोन.

काय बघतेस? मावशी लिहिलंय, हो. ऑफिसात कुणाच्या नजरेस पडलं तर काय सांगू, म्हणून. तीच आहे. चार वाजले ना, याच वेळेला तिला तिथे फोन मिळतो, पाच मिनिटं. तिलाही शिकवून ठेवलंय मी. हे काही मी तुझ्याशी बोलले नाही, कळलं? फॉर्म घे, बाहेर बाकावर बस आणि तुझं तू ठरव. जाताना दार लावून घे – हां, मावशी, बोल.