कर्कटक किती उघडं होतं

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या नकाशा कार्यालयाचे संचालक, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आपल्या मुख्य आरेखक बाई, त्यांचे यजमान, सहकारी, आणि मागे दारापाशी उभे असलेले छपाई विभागाचे मित्रहो. पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत.

मला पाच मिनिटं दिली आहेत. बाई समोर बसलेल्या असताना मोजण्यात चूक करायची माझी हिंमत नाही. एकदा केली होती, म्हणजे केली असं सगळ्यांना वाटलं होतं. तेच सांगतो.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मला नोकरीत कायम व्हायला दोन महिने होते आणि घरी मुलगी तीन महिन्यांची. काम मिळालं, आपल्या किनाऱ्याची लांबी नव्याने मोजायची. म्हटलं, यात काय अवघड आहे? कर्कटक घ्यायचं, नकाशावर टोकं टेकवत चालायचं, पावलं मोजायची. जुन्या कोष्टकात आकडा होता चारशे बारा किलोमीटर. माझा आला पाचशे सत्त्याऐंशी.

पुन्हा मोजलं, जेवणाची सुट्टी बुडवून तिसऱ्यांदा मोजलं. तेच. तोवर आकडा वर पोचला होता आणि पत्र आलं, की पावणेदोनशे किलोमीटर किनारा वाढला कुठून, आठ दिवसांत खुलासा करा. अध्यक्षांनी मनाला लावून घेऊ नये, पत्र धाडणारे तेव्हाचे संचालक होते, आपण नव्हे. छपाईवाले मात्र हेच. जिन्यात भेटले की विचारायचे, "काय हो, आज किती किनारा ताणलात?"

काढून टाकण्यापेक्षा आपण गेलेलं बरं, असा विचार करून मी राजीनामा लिहिला आणि पाकीट चिकटवून बाईंच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते ड्रॉवरमध्ये टाकलं.

"सवडीने वर पाठवते. आधी सांग, कर्कटक किती उघडलं होतंस?"

"अर्धा सेंटीमीटर."

त्यांनी जुनं कोष्टक पुढे ओढलं. मग म्हणाल्या, "मी तीन ठेवलं होतं. जुना आकडा माझा आहे."

मंडळी, सगळी गोम इथेच होती. मोठं उघडलेलं कर्कटक खाडीच्या तोंडावरून उडी मारून पलीकडे जातं. लहान उघडलं की ते खाडीत शिरतं, प्रत्येक वळणाला वळतं. प्रत्यक्ष किनाऱ्यावर पायी चाललात तर आणखी भरेल, आणि दगडादगडाला वळसा घालणाऱ्या मुंगीला विचारलंत तर त्याहून जास्त. सरळ रस्ता कशानेही मोजा, आकडा तोच येतो. किनारा जितका जवळून बघाल तितका वाढत जातो. आणि आपल्या कार्यालयात जो तो हाताला बसेल तेवढं कर्कटक उघडायचा. किती उघडलं, ते कोष्टकात लिहायची पद्धतच नव्हती.

बाई मला घेऊन संचालकांच्या खोलीत गेल्या. नकाशाचं एक पान समोर ठेवलं आणि म्हणाल्या, "साहेब, तुम्हीच मोजा." बाईंच्या हिशोबाने त्या पानावर एकतीस किलोमीटर होते, माझ्या हिशोबाने चव्वेचाळीस. साहेबांचे आले अडतीस. ते कर्कटकाकडे बघतच राहिले. "मग खरा कोणता?"

"तिन्ही. किती उघडलं होतं ते जुन्या कोष्टकात मी लिहिलं नाही, चूक एवढीच. खुलासा माझ्याकडे मागा."

मी कायम झालो. त्या खुलाशापायी बाईंची बढती त्या वर्षी अडली, हे मला चार वर्षांनी कळलं. त्यांनी कधी सांगितलं नाही. आज आपल्या प्रत्येक आकड्याशेजारी माप लिहिलेलं असतं, ती पद्धत त्यांची.

परवा ड्रॉवर रिकामा करताना बाईंनी मला एक पाकीट दिलं. "हे तुझं. वर पाठवायचं राहिलं. सवडच झाली नाही." पाकीट अजून चिकटवलेलंच होतं.

ते मी आज खिशात आणलंय. बाई, तुमच्यासमोर फाडतो. तेव्हा तीन महिन्यांची असलेली मुलगी तिसऱ्या रांगेत बसली आहे, तिनेही बघू दे. झालं. फार हलकं वाटलं.

ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही सुटलं असेल किंवा वाढलं असेल, तर कर्कटक नीट लावलं नव्हतं असं समजून पोटात घाला. आणि बाई, या वेळी खुलासा माझ्याकडे मागा.