भिंतीपर्यंत ब्राह्मी

गिरगावात शीवच्या बससाठी उभा होतो. माझ्या पुढे हातात डबा घेतलेल्या एक वयस्कर बाई आणि त्यांच्या शेजारचा एक तरुण.

"विनी आंटी, अंगण बघितलंत? तुम्ही अंकलजवळ हॉस्पिटलात राहत होतात तेव्हा मी आणि हितेंद्रने सगळं रान उपटून टाकलं."

"बघितलं रे, स्वप्नील."

"आज संध्याकाळी अंकल बरे व्हावेत म्हणून रोझरीची प्रार्थना आहे ना. अख्खी वाडी येणार. म्हटलं, खुर्च्या मांडायला जागा होईल."

"ते रान नव्हतं. तुझ्या अंकलने, नॉर्मनने लावलेली ब्राह्मी होती."

"काय सांगता! मला गवतच वाटलं."

"आधी नुसतं गाजरगवत माजायचं. नॉर्मन म्हणाला, उपटत कुठवर बसणार? आपल्या मातीतलं काहीतरी दाट लावलं, की तणाला जागाच उरत नाही. वसईला बहिणीच्या विहिरीकडून एकेक काडी आणून लावली त्याने."

"सॉरी आंटी. आम्हाला खरंच कळलं नाही."

"तुम्ही चांगल्यासाठीच केलंत. आज सकाळी बघते, तर गाजरगवत परत डोकं काढतंय."

"अंकलना सांगितलंत?"

"रोज विचारतो, ब्राह्मी भिंतीपर्यंत पोचली काय. मी म्हणते, पोचली."

"मी नवीन आणून लावतो ना. अंकल घरी येईपर्यंत वाढेल."

"उद्याच आणतोय त्याला. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या."

"म्हणजे बरं आहे ना आता?"

"नाही रे. खाट खिडकीशी लाव म्हणतो, अंगण दिसेल अशी. उद्या जरा हात लावायला येशील?"