सतरा नंबरचा ग्लास

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. मृदंगवाले बुवा, तुम्हीही हात मोकळे करा. आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. उत्तर मनातल्या मनात द्या. मोठ्यानं नको, शेजारी घरचं माणूस बसलेलं असेल!

दुसऱ्याच्या ताटातलं मीठ आपल्याला चवीचं लागतं. तेच मीठ, तेवढंच मीठ, आपल्या ताटात आलं की खारट. का हो? दोष मिठाचा? का जिभेचा? का आणखी कुणाचा?

शेजारणीची सून मोठ्यानं हसली तर 'किती मोकळ्या मनाची पोर आहे'. आणि आपली हसली तर? बघा, त्या खांबाजवळच्या मावशी खाली बघायला लागल्या. मावशी, मी नाव घेतलं नाही बरं का.

तर या प्रश्नाचं उत्तर देणारं आख्यान आज सांगतो. ते पोथीतलं नाही. ते वाइनचं आहे.

अध्यक्ष, बसा बसा! माझ्या गळ्यात माळ आहे, आजवर थेंब चाखलेला नाही आणि कुणाला चाख म्हणणार नाही. पण निम्म्या गावची द्राक्षं कुठं जातात, ते मला इथं बोलायला लावू नका. गोष्ट कुठून आली ते बघू नये, मंडळी, कुठं घेऊन जाते ते बघावं.

ऐका. आपल्याच दिंडोरी तालुक्यात पगारांची एक वस्ती. तात्या पगार, त्यांची बायको ठकूबाई, आणि दोन मुलगे. थोरला भास्कर, धाकटा सुकदेव. साडेतीन एकराची द्राक्षबाग. पश्चिमेचा वारा सुटला की कोवळे फुटवे मोडायचे, म्हणून तात्यांनी काय केलं? पश्चिमेच्या बांधावर निलगिरी लावली. अकरा झाडं. वाढली, ताडमाड झाली. हमरस्त्याच्या फाट्यावरून शेंडे दिसायचे. पाहुण्याला पत्ता सांगायचा तर तोच, 'अकरा निलगिऱ्या दिसल्या की वळा.'

थोरल्या भास्करला लहानपणी एकच रोग. सर्दी! बारा महिने नाक चोंदलेलं. ठकूबाई काय करायची? निलगिरीचा पाला ओरबाडून आणायची, पातेल्यात उकळायची, पोराच्या डोक्यावरून गोधडी टाकायची आणि म्हणायची, "ओढ. अजून ओढ." पोरगं श्वास ओढायचं आणि नाक मोकळं व्हायचं. आठ-दहा वर्षं हेच चाललं. आणि मंडळी, त्या वाफेनं नाक असं काही उघडलं की पुढं त्या नाकानं जग जिंकलं.

भास्कर शिकला, एका वाइनच्या कंपनीत लागला, कंपनीनं परदेशी धाडला. आणि तिथं कळलं की हे नाक साधं नाही. ग्लास नाकाशी धरायचा आणि सांगायचा, ही फ्रान्सची, नदीच्या डाव्या काठची. ही जर्मनीची, उतारावर काळ्या पाटीचा दगड आहे तिथली. ही जॉर्जियाची, मातीचे रांजण जमिनीत पुरून त्यात मुरवलेली. ही चिलीची, ही दक्षिण आफ्रिकेची. कोणत्या सालचा पाऊस कमी, हेसुद्धा सांगायचा. आपल्याला आपल्या गावचा पाऊस सांगता येत नाही!

मोठमोठ्या स्पर्धांना परीक्षक म्हणून बोलावणी येऊ लागली. पण त्या विद्येची एक रीत आहे बघा. वाइन चाखायची, गिळायची नाही. घोट तोंडात घ्यायचा, घोळवायचा, जिभेवर फिरवायचा, आणि शेजारच्या भांड्यात थुंकायचा. दिवसाला साठ-सत्तर ग्लास, गिळले तर दहाव्याला माणूस आडवा! तर भास्करनं पंचवीस वर्षं जगातलं उत्तमातलं उत्तम तोंडात घेतलं आणि थुंकलं.

दुसरी रीत. जीभ जपायची. लसूण नाही, मिरची नाही, लोणचं नाही. अत्तर नाही, घरात उदबत्ती नाही. बायको बिचारी देवापुढं नुसतीच वात लावायची. ठकूबाई दरवर्षी लेकासाठी कैरीचं लोणचं धाडायची. बरणी यायची, शेजारच्या घरी जायची. म्हातारीला कोण सांगणार? ती आपली फोनवर विचारायची, "यंदाचं मुरलंय का रे?" आणि हा म्हणायचा, "छान झालंय, आई."

इकडं तात्या गेले. बाग धाकट्या सुकदेवानं सांभाळली. आणि दादाचं ऐकून ऐकून सुकदेवच्या मनानं घेतलं, आपल्या बागेतल्या द्राक्षाची आपणच वाइन करायची. परवाने काढले, टाक्या बसवल्या, दोनदा नासली, तिसऱ्यांदा जमली. लाल वाइन. चाखली, तर तिच्यात एक वेगळाच वास. गार, हिरवा. बांधालगतच्या ओळींवर निलगिरीचं तेल उन्हानं उडून बसतं, द्राक्षाच्या सालीत मुरतं, तो वास. सुकदेव हरखला. आईला म्हणाला, "आई, हिच्यात तात्यांची झाडं आहेत."

मग त्यानं ती बाटली मुंबईच्या एका स्पर्धेत धाडली. परीक्षकांत दादा आहे हे त्याला ठाऊक होतं. दादाला मात्र कळवलं नाही. का? वशिला नको! आधी दादाच्या तोंडून चांगलं निघू दे, मग सांगू कुणाची ते. पोरानं स्वप्न बघितलं हो.

आता त्या स्पर्धेत चला. बाटल्यांना कापडाच्या पिशव्या घातलेल्या. नाव नाही, गाव नाही, नुसता नंबर. मात्र कोणत्या मेजावर कुठल्या वाइन, एवढं परीक्षकांना माहीत. सकाळी परदेशी, दुपारी देशी.

सकाळी सहा नंबरचा ग्लास आला. भास्करनं नाकाशी धरला. निलगिरी! ओळखलं, ऑस्ट्रेलिया. तिकडं निलगिरीची रानंच्या रानं. चेहरा खुलला. कागदावर लिहिलं, 'निलगिरीचा सुरेख गंध. भूमीची अस्सल ओळख.' सुवर्णपदक.

दुपारी देशी मेज लागलं. सतरा नंबरचा ग्लास आला. नाकाशी धरला. निलगिरी!

मंडळी, इथं थांबतो. नाक चुकलं का? नाही. नाकानं सकाळी जे ओळखलं तेच दुपारी ओळखलं. पण सकाळी ग्लास ऑस्ट्रेलियाचा होता आणि दुपारी आपला. भास्करच्या कपाळाला आठी पडली. घोट घेतला, थुंकला, आणि लिहिलं, 'निलगिरीचा उग्र वास. औषधी. हा दोष आहे. बागायतदाराने कारण शोधून दूर करावे.' खाली सही ठोकली. आणि अठरा नंबरचा ग्लास ओढला.

एका जन्मात एका नाकानं एकच वास दोनदा घेतला आणि सहा तासांत सोन्याची माती केली. आणि त्याला पत्ताही नाही.

स्पर्धेच्या रीतीप्रमाणे शेरे टपालानं ज्याच्या त्याच्या घरी गेले. भास्कर विमानात बसून परदेशी गेला.

वर्ष सरलं. आखाजी आली, म्हणजे अक्षय तृतीया. वडिलांच्या नावानं घागर भरायची, थोरल्यानं यायला हवं. भास्कर भर दुपारी गाडीनं निघाला. फाटा आला. शेंडे दिसेनात. त्याला वाटलं, वळण चुकलं. तीन मैल पुढं गेला, परत फिरला. पुन्हा बघतो तर फाटा तोच, आणि आभाळ रिकामं.

वस्तीवर पोचला. बांधावर अकरा बुंधे, कुऱ्हाडीचे घाव काळे पडलेले. बाग उघडीवाघडी, वाऱ्यानं पश्चिमेच्या ओळी झोडपून काढलेल्या.

"सुकदेव, झाडं कुठं गेली?"

"तोडली, दादा."

"तोडली? तात्यांची झाडं? कुणाच्या सांगण्यावरून?"

सुकदेव घरात गेला, देवघरातून एक कागद घेऊन आला. हळदकुंकवाची बोटं लागलेली होती त्याला. भास्करनं वाचला. अक्षर आपलं. सही आपली.

भास्करनं कागदाची घडी घातली. म्हणाला, "अरे, परीक्षकाचं काय एवढं मनावर घ्यायचं? आम्ही दिवसाला सत्तर शेरे लिहितो."

सुकदेव म्हणाला, "दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर चुलीत घातलं असतं, दादा. तू लिहिलंस. तुझ्यापेक्षा कुणाचं नाक मोठं? आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, भास्कर म्हणतो तर असंल. कुऱ्हाडीला आधी तिनंच कुंकू लावलं."

मंडळी, शत्रूनं घाव घातला तर माणूस ढाल उचलतो. आपल्याच माणसाच्या शब्दापुढं माणूस मान वाकवतो हो.

"झाडं गेल्यापासून वाइन कशी होते?" भास्करनं विचारलं.

"चारचौघांसारखी. दोष नाही काही," सुकदेव म्हणाला. "आधीची एक बाटली आहे. तुझ्यासाठी ठेवली होती."

बाटली आली. घरात वाइनचा ग्लास कुठला? चहाच्या ग्लासात ओतली. सुकदेव सालस, दादाची रीत त्याला ठाऊक. त्यानं शेजारी थुंकायला रिकामा तांब्याही ठेवला.

भास्करनं ग्लास नाकाशी नेला. आता कापडाची पिशवी नव्हती, नंबर नव्हता. पातेल्यातला पाला होता. गोधडीतला अंधार होता.

दारात ठकूबाई बसलेली. मोतीबिंदूनं तिला नीट दिसत नव्हतं. पण लेकाचा श्वास अडकला एवढं तिनं ऐकलं. म्हातारीला वाटलं, लेकाला पुन्हा सर्दी झाली. म्हणाली, "ओढ. अजून ओढ."

पंचावन्न वर्षांचा गडी ढसाढसा रडला. मग त्यानं तो तांब्या बाजूला सारला आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा घोट गिळला. त्या दिवशी जेवताना लोणचंही मागितलं. ठकूबाई म्हणाली, "तुला आवडतं म्हणून सगळं तुलाच धाडते रे. घरात कुठलं उरायला?"

भास्कर मला भेटतो अधूनमधून. ही गोष्ट त्यानंच सांगितली, आणि नाव घेऊन सांगा म्हणाला. परीक्षकाचं काम सोडलं त्यानं. त्याच बांधावर अकरा रोपं लावलीत. कमरेला आलीत. ती झाडं ताडमाड व्हायची, त्यांचं तेल द्राक्षावर बसायचं, त्याची वाइन व्हायची, म्हणजे दहा-बारा वर्षं. ठकूबाई मागच्या पौषात गेली. परवा भास्कर मला म्हणाला, "महाराज, वय झालं की आधी वास जातो म्हणतात. तो वास यायच्या वेळी माझं नाक असेल का?"

आता तुम्ही म्हणाल, बरं झालं, आम्ही काही परीक्षक नाही. नाही? रोज दोन वेळा ताटावर बसून काय करता? पोराची वही हातात आली की काय करता? ज्यांना नावं ठेवलीत त्यांच्या देवघरात तुमचा कागद आहे, मंडळी. तुम्ही विसरलात, ते कुऱ्हाड शोधतायत.

आणि मी? मी तरी कुठला शहाणा? माझी थोरली बहीण गवळणी म्हणायची. शेवटचा स्वर जरा लांबवायची, खेड्यातल्या जात्यावरच्या बायकांसारखा. मी नवा नवा शास्त्र शिकून आलो होतो. चारचौघांत म्हटलं, "ताई, सूर हलतोय तुझा." दोन वर्षांपूर्वी परमुलखात एका बाईंचं गाणं ऐकलं. तोच लांबवलेला स्वर. मी मांडीवर थाप मारून म्हणालो, "वाहवा!" आणि थाप मारलेला हात तिथंच राहिला. घरी येऊन ताईला म्हटलं, "एक गवळण म्हण." ती म्हणाली, "आता कुठं आठवतात रे, तूच म्हण."

म्हणून हात जोडून सांगतो. आज घरी जाल, पानावर बसाल. जे वाढलं असेल त्याचा घास आधी घशाखाली उतरू द्या. मग बोला. आणि बोलण्याआधी मनात विचारा, हेच शेजारच्या घरात असतं तर मी काय म्हणालो असतो?

उचला टाळ. आज गजर मी सांगणार नाही. त्या खांबाजवळच्या मावशी सांगतील. सांगा मावशी, आणि स्वर हलला तर हलू द्या.