आयेचा फोटो

महेश्वरचं नाव काढलं की माझं डोकं अजून फिरतं. का ते ऐका.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही डिचोलीहून माझ्या सासूला, म्हणजे आमच्या आयेला, तिथं घेऊन गेलो. नर्मदेचा घाट, किल्ला, सगळं जुनं गाव जसंच्या तसं जपलेलं. आये पाण्यात पाय बुडवून हात जोडत होती. मागे लग्नाआधीचे फोटो काढून घेणारं एक जोडपं होतं. त्यांचा कॅमेरावाला ओरडला, "ओ माताजी, हटो! फ्रेम खराब हो रही है!"

आयेला हिंदी कळत नाही. तिला वाटलं, आपलाच फोटो काढतायत. तिनं पदर सारखा केला आणि हसून ताठ उभी राहिली. ती दोघं खिदळायला लागली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कॅमेरावाल्याला आयेपासून लांब ओढून हिंदी-मराठी जे तोंडात आलं त्यात सुनावलं, "घाट काय विकत घेतलायस? आधी तिचा फोटो काढ, मग तुझी फ्रेम!"

त्यानं मुकाट्यानं काढला.

परतताना आये म्हणते, "बरो मनीस गो तो. मुद्दाम बोलावन माझो फोटो काढलो."

मी दात आवळून म्हटलं, "होय गे आये."